ऐनाची फांदी, तीन दगड

मंगळवार, १६ सप्टें.
परवाच्या पानावर चुकीचं लिहिलं आहे. ‘हिराबाईंकडे महिनाभर कोणी जेवायला फिरकलं नाही, शहरातल्यांना आता पाकिटातलंच लागतं.’ पहिलं खरं, त्यांनी स्टेशनबाहेर काकड्या विकताना स्वतः सांगितलेलं. दुसरं माझ्या मनाचं, आणि खोटं. खोडत नाही. वाट मीच बंद केली होती.

आज साजगावला कामावरून लवकर सुटले. पळसदरीला उतरून एकटीच वर फाट्यापर्यंत गेले. डावीकडे धबधबा, उजवीकडे ओढा ओलांडला की हिराबाईंची झोपडी, तिथेच त्या सहलीवाल्यांना जेवू घालतात. १७ ऑगस्टला ओढा फुगलेला, माझ्याबरोबर फिरायला आलेले बारा जण. उजव्या वाटेवर ऐनाची फांदी आडवी टाकली, आपल्याकडे टाकतात तशी : इकडून जाऊ नका. तेवढ्यावर भागलं असतं. पण वारा उडवील म्हणून तीन दगड ठेवले, वर ओढणीची लाल पट्टी बांधली. उतरलो धरणाच्या बाजूने. उचलायची राहिली. मग गणपती. परवाची सहल तर धरणापर्यंतच.

पानं पार वाळलेली, पट्टी तशीच. माझ्या तीन दगडांवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी आणखी रचलेत, गुडघ्याएवढे. एकावर खडूने फुली. सगळे बाजूला केले. ओढ्याला घोट्याएवढं पाणी, नितळ. पलीकडचा उतार सोनकीने पिवळा झालाय. एवढं सगळं महिनाभर कोणी पाहिलंच नाही. हिराबाई स्टेशनला पलीकडच्या पायवाटेने उतरतात, हा फाटा त्यांना लागत नाही.

झोपडीपर्यंत गेले नाही. तशीच मागे फिरले.

बुधवार, १७
तात्यांना सांगितलं. शाळा नदीपलीकडे, म्हणून दुसरीपर्यंत मला या मोठ्या काकांनीच ओटीवर शिकवलं. अक्षरं त्यांची, वाटाही त्यांच्याच. कधी हात उगारला नाही. आज हसले.
“तुला डहाळी टाकायला शिकवली गं, कुंपण घालायला नाय.”
म्हटलं, उडाली असती तर?
“उडायलाच पायजे. पान सुकलं की वाट मोकळी. शेळीलाबी कळतं.”
शहरातल्यांना नाही कळत, तात्या.
“त्यांना नाय. तुला तर कळत होतं.” मग विचारलं, “तिला सांगितलंस?”
नाही.
“मग माझ्याकडं काय आलीस?”

गुरुवार, १८
बाजारात हिराबाईंची सुमन भेटली. “आई सोमवारी माथेरानला चालली, ताई. हाटेलात भांडी घासायला. हितं चूल तर इझलेलीच हाय.”
झोपडीचं काय?
“पत्रे काढून आणू. दुसरं काय?”
तेव्हाच सांगायला हवं होतं. कोथिंबिरीची जुडी घेतली आणि घरी आले.

तीन वर्षांपूर्वी त्याच ओढ्याजवळ माझा पाय मुरगळला. हिराबाईंनी तेल गरम करून चोळलं, पेज पाजली, पाठीवर घेऊन पलीकडे आणलं. “पोरगी हाय का भाताचं पोतं,” म्हणाल्या. मागची सगळी पानं चाळली. हे कुठेच नाही. स्वतःच्या चुका तेवढ्या तारीखवार लिहिल्यात. म्हणून आज लिहिलं. कोणता दगड निसरडा, कोणता नाही, हेही त्यांनीच दाखवलेलं. त्यावरच तर मी आता बाकीच्यांना वाट दाखवते.

शुक्रवार, १९
रविवारी चौदा जण येतायत. फोन करून विचारलं. सगळे हिराबाईंकडे पिठलं-भाकरी खायला तयार. क्षणभर वाटलं, माणसं घेऊनच जावं, म्हणजे बोलायलाच नको. नको. मग ते आमच्या दोघींमध्ये कायम आडवं पडून राहील. आणि सांगितल्यावर त्या चूल पेटवतील की नाही, हे त्यांनी ठरवायचं. चौदा जणांनाही तसं कळवलं, डबा बरोबर ठेवा म्हणून.

त्या दिवशी बाराही जण कोरडे उतरले. देवाचे आभार, फांदीचेही. पण हे उद्या आधी बोलायचं नाही. आधी चूक.

तात्या म्हणाले, “येऊ का संगती?” नको म्हटलं. “बरं. मग पानी नीट बघून पाय टाक.” लहानपणी म्हणायचे तसंच. बरं वाटलं.

लाल पट्टी पिशवीत ठेवली, दाखवायला. उद्या, शनिवार, २० सप्टेंबर. सकाळी सातच्या आत झोपडी गाठायची, हिराबाई काकड्या घेऊन स्टेशनकडे निघायच्या आधी.