घशातलं छुपं पित्त

जव्हार, मंगळवार, संध्याकाळ

सभा गाजवणाऱ्या भावांनो, घसा बसला की सगळे आपल्या ओरडण्यालाच दोष देतात! मीही तेच मानत होतो. सकाळी आवाज घोगरा, सारखं खाकरणं, घशात गोळा अडकल्यासारखं. येत्या शनिवारी मोखाड्याच्या पाड्यावर पाण्यासाठी सभा, आणि आवाजच नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला. म्हणाल्या, पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतंय. मी म्हटलं, पण माझ्या छातीत कधी जळजळलं नाही! "म्हणूनच ओळखू येत नाही. जेवल्यावर तीन तास तरी आडवं व्हायचं नाही."

आणि मी? सभा संपली की त्याच पाड्यावरच्या जनीमावशीकडे तिखट सुकट, नाचणीची भाकर, वर कोरा चहा, आणि तिथंच घोंगडीवर आडवा. "भाऊ, जेवल्याबिगर नाय जायाचा!" तिचं मन कसं मोडू?

बायको हसली. "अहो, सरकारला धारेवर धरता आणि मावशीला घाबरता?"

घाबरतो. तिच्या मायेला घाबरतो. पण जेवण नको असं कुठं म्हणायचंय? फक्त वेळ बदलायची. मग बसलायस काय? उचल फोन, सांग तिला: मावशी, शनिवारी आधी भाकर, मग सभा.