ड्रायव्हिंग स्कूलचे मालक पायी चालतात

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा अगदी वाकून नमस्कार (कंबर आता वाकते, कारण पुढे येईलच).

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी पथ्य पाळतात की तुझी पाठ वळली की डबे उघडतात? मी ठणठणीत आहे. विद्यापीठातून लेकीला घेऊन येतो आणि आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गल्ल्यावर बसवतो, असं तुम्हा सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून मी निघालो होतो, ते तू विसरली नसशीलच. (तुझी भावजय तर रोज फोनवर आठवण करून देते.)

तर ताई, लेकीच्या विद्यापीठाच्या या गावात माणसं चालतात. वर्ग, वाचनालय, दवाखाना, भाजीबाजार, सगळं चालत जाण्याजोगं. आणि मी कोण, तर कोपऱ्यावर दाढी करायला गाडी काढणारा (आणि पार्किंग शोधत शोधत परत घरापाशी येणारा). पहिल्याच दिवशी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी एक बाई माझ्यासाठी गाडी थांबवून बसल्या. समोर माणूस दिसला की हॉर्न, हे जन्मभर शिकवलेला मी! मला वाटलं, इंजिन बंद पडलं. खिडकीपाशी जाऊन, क्लच हळू सोडा, असं हातवारे करून समजावलं. बाई मला जा म्हणतायत, मी त्यांना जा म्हणतोय. मागे ही रांग लागली, पण एकही जण हॉर्न वाजवेना, तेव्हा मात्र मी घाबरलो. शेवटी पालेभाजीची पिशवी घेतलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझा हात धरून मला पलीकडे नेलं. या वयात बिचारे पायी! मी हवेत स्टिअरिंग फिरवून, गाडी गॅरेजमध्ये का, असं खुणेने विचारलं आणि त्यांची पिशवी घरापर्यंत पोचवली. लेकीला तिच्या खिडकीतून सगळं दिसलं होतं. "बाबा, ते आमचे कुलगुरू आहेत!" म्हणून तिने कपाळावर हात मारला. आता मी आणि कुलगुरू रोज फिरायला जातो (कंबर वाकते ती यामुळेच). त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची, त्यामुळे मतभेद असे अजिबात नाहीत.

लेक राहते त्या घरात सगळ्यांना मिळून एकच स्वयंपाकघर. प्रत्येक शेगडीवर वेगळ्या देशाचा वास. कुणी जेवणाआधी प्रार्थना करतं, कुणी थेट ताटावर तुटून पडतं, पण भांडी सगळे आळीपाळीने घासतात. मीही घासतो. (हे वाक्य भावजयीला वाचून दाखवू नकोस.) एकमेकांचं मीठ उसनं घेताना ही पोरं इतकी हसतात की मलाही विनाकारण मीठ मागावंसं वाटतं.

काल लेकीला वाचनालयातून एकटीच येताना पाहिलं. घरी असताना शाळा, क्लास, मैत्रिणी, सगळीकडे मीच तिला गाडीने सोडायचो. ती चालते कशी हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ताठ चालते गं. मध्येच थांबून कुणाशी तरी गप्पा मारल्या, पुन्हा आपल्या नादात निघाली. मला फार अभिमान वाटला, आणि हाक न मारता मी मागोमाग चालत राहिलो.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. लेक माझ्याबरोबर यायला तयार झाली होती. बॅगसुद्धा भरली होती. मीच ती रिकामी करायला लावली.

ता. क. आणखी एक. हे भावजयीला तूच सांग. तुझ्यावर ती ओरडत नाही.

ता. क. शेवटचा. मला घ्यायला स्टेशनवर गाडी पाठवू नका. मी चालतच येईन. तेवढाच तिचा राग निवायला वेळ मिळेल.