कडू लागते का, ते कळव

मॉक्सी, ४ नोव्हेंबर १९८६

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

सफरचंदांच्या ट्रकवाल्याबरोबर एक बाटली पाठवतोय. मी घरी केलेली बिअर आहे. हसू नकोस. चाख आणि कडू लागते का, तेवढं खरंखरं कळव.

पपांच्या वहीबरहुकूम केलेली ही तिसरी खेप. पहिली कडू झाली नाही, वाटलं हॉप्सची कडू फुलं जुनी असतील. म्हणून शेजारच्यांच्या फुलं वाळवायच्या भट्टीतून यंदाची ताजी आणली. तरी तेच. मग पाणी बदललं, उकळी दणदणीत ठेवली, तीनच्या सहा मुठी टाकल्या. ताई, तरी गोडच! जन्म हॉप्सच्या मळ्यात गेला आणि मला कडू लागत नाही.

पपांचं असंच सुरू झालं होतं ना? 'कडूच नाही' म्हणत मुठी वाढवायचे आणि आपण त्यांची नजर चुकवून ग्लास मोरीत ओतायचो. दोन वर्षांत ते आईचं नाव विसरले. मी लॉरेटला एक घोटही दिलेला नाही. बायकोनंच कडू म्हणून तोंड वाकडं केलं तर मी काय करू? फार भीती वाटते गं.

लोभ आहेच, पण उत्तर या वेळी तरी उशिरा नको.

तुझा,
क्लोव्हिस


स्पोकॅन, १२ नोव्हेंबर

चि. क्लोव्हिस यास,
अ. उ. आ.

वेडोबा, तुझी जीभ ठणठणीत आहे! वास असा घमघमला की पपांची आठवण आली, पण चव म्हणशील तर सरबत. अगदी इथल्या कॉफीसारखी पाणचट. हल्ली दुकानदार काय विकतात देव जाणे, दुप्पट पूड घातली तरी कडक होत नाही मेली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग वही आठवली. '६० – तीन मुठी, ५ – चिमूटभर', असंच आहे ना? आणि तू शहाणा, साठावं मिनिट भरल्यावर, भांडं उतरवताना मुठी टाकल्यास! अरे गाढवा, बिअरवाले मिनिटं उलटी मोजतात. साठ म्हणजे साठ उरली असताना. फुलं तासभर उकळली तरच कडूपणा उतरतो, शेवटी टाकली तर नुसता वास. पपांच्या हाताखाली मी असायचे, तू झाडावर असायचास.

पुन्हा कर, पाठव, आणि उगाच घाबरत बसू नकोस.

तुझी,
जर्मेनताई


मॉक्सी, २० डिसेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

जमली! साठ उरली असताना मुठी टाकल्या. पहिल्या घोटालाच कानशिलं गरम झाली, इतकी कडू. लॉरेटनं घोट थुंकला आणि मला विष घालतोस का म्हणाली. मी तिला उचलूनच घेतलं. ताई, खरं सांगतो, मग परसात जाऊन रडलो.

जुन्या खेपांच्या बाटल्या सगळ्या मोरीत ओतल्या. नव्या खेपेला लाल झाकणं लावलीत, त्यातली एक पाठवतोय. तू महिनाभर माझी भीती वाटून घेतलीस, ते विसरणार नाही.

माया आहे तशीच असू दे, वर्षाअखेरीस शिव्या थोड्या कमी.

तुझा,
क्लोव्हिस


स्पोकॅन, २९ डिसेंबर

चि. क्लोव्हिस यास,
अ. उ. आ.

बाटली पोचली. झाकण लालच होतं.

मी घोट घेतला. सरबत. म्हटलं, गाढवानं पुन्हा घोळ घातला. शेजारच्या हिल्डाबाई आल्या होत्या, हसत हसत त्यांनाही ग्लास दिला. त्यांचे डोळे पांढरे झाले. चूळ भरायला पाणी मागितलं बाईंनी. मग मी माझी कॉफी पुढे केली. ती चाखून त्या म्हणाल्या, जर्मेन, रोज अशी कडूजहर पितेस?

मी हसून वेळ मारून नेली. त्या गेल्यावर कागदावर आईचं नाव लिहिलं, तुझं, लॉरेटचं, माझ्या मुलींची. सगळी आली. जेवण झाल्यावर पुन्हा लिहिली. आज सकाळपासून चार वेळा लिहून झाली.

भ्यायले आहे रे मी. तुला नावं ठेवताना मला भीती वाटली नव्हती, आता वाटते. जुन्या बाटल्या ओतल्यास, हे तू लिहिलंयस, मी वाचलंय. तरी एखादी राहिली असेल. लाल झाकण चुकून तिलाच लागलं असेल. तसं असलं तर लगेच लिही.

नसलं तर लिहू नकोस. सरळ ये.

तुझी,
ताई