नाही म्हणायची तालीम

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता तुमच्यावर सिनेमा निघाला. म्हणजे आपल्या गावावर निघाला. पण त्यात तुम्ही आहात, इस्त्रीच्या सदऱ्यात. आईला रत्नागिरीच्या थिएटरात घेऊन गेलो होतो. पडद्यावर तो नट सभेत बोलायला उठला तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं, हे आपले अप्पा. तिने बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाली, "ह्यो? ह्याच्या सदऱ्याची घडीसुदा मोडलेली नाय."

गोष्ट तशी जोरदार आहे. एक केमिकलची कंपनी, तिच्या खिशातला मंत्री, खाडीत सोडलेलं पाणी, पाठलाग, खून, आणि सगळं उकरून काढणारी पत्रकार मुलगी. शेवटी शाळेच्या पटांगणावर जनसुनावणी भरते, अख्खं गाव 'नाही' म्हणून गर्जतं आणि मंत्र्याला बेड्या पडतात. लोक शिट्ट्या मारत होते. मीही मारली असती, पण मला खरी जनसुनावणी आठवत होती.

मी तेव्हा कॉलेजात आहे. तुम्ही मांडवात माईकसमोर उभे आहात, टोपी सारखी करताय. चार माणसांपुढे बोलायची तुम्हाला एकच रीत ठाऊक, शिमग्यात पालखीपुढे घालता ते गाऱ्हाणं. म्हणून सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबाकडे न बघता तुम्ही देवळाच्या दिशेने हात जोडता आणि सुरू करता, "बा देवा म्हाराजा, ही जी कोन कंपनी आमची खाडी नासवायला येतेय, तिला आल्या वाटेनं मागारी धाड रं म्हाराजा." आणि सगळं गाव सवयीने एका आवाजात म्हणतं, "व्हय म्हाराजा." मग खाडीतली कालवं राख, खाजणाची जमीन राख, पोराबाळांना राख, आणि दर वेळी व्हय म्हाराजा. साहेब घाटावरचा. त्याने माईक घेतला आणि जाहीर केलं की ग्रामस्थांनी एकमुखाने होकार दिला आहे. लोकांना आधी गंमतच वाटली. हसू थांबेपर्यंत गाड्या निघून गेल्या होत्या. त्याला खरंच कळलं नव्हतं की कळूनसवरून त्याने साधून घेतलं, हे मला आजही सांगता येणार नाही. नंतर केलेले सगळे अर्ज त्या एका होकारापाशी येऊन अडले.

त्या दिवशी आईने खाडीतून वेचलेल्या शिंपल्यांचं, तिसऱ्यांचं सार केलं होतं. तुम्ही चुलीपाशी ताट पुढ्यात घेऊन बसलात, पण घास उचलला नाहीत. "म्या देवाशी बोलत व्हतो," एवढंच म्हणालात. "त्या सायबाने मधीच कशाला ऐकलानी?" त्यानंतर तुम्ही गाऱ्हाणं कधी घातलं नाहीत. पालखी दारात आली की मागच्या पडवीत जाऊन बसायचात. गावाने तुम्हाला कधी बोल लावला नाही, आणि मला वाटतं तुम्हाला त्याचाच जास्त त्रास झाला. आता आपल्या खाडीत तिसरी मिळत नाही. आई बाजारातून आणते आणि कुठल्या खाडीतली ते दोनदा विचारून घेते.

सिनेमाचं शूटिंग आपल्याच पटांगणावर झालं. गर्दी म्हणून आम्हीच होतो. मी एसटीच्या डेपोतून रजा काढून गेलो. नटाचं भाषण संपलं आणि पहिल्याच खेपेला आम्ही काय म्हणालो असू? व्हय म्हाराजा. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. मग त्याच्या हाताखालच्या मुलीने आम्हाला शिकवलं: हात वर, मान ताठ, समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघायची नाही, 'नाही' पोटातून आलं पाहिजे. कपातला चहा निवायच्या आत आम्ही शिकलो. इतकं सोपं होतं, अप्पा. तेव्हा कोणी शिकवलं असतं तर.

कंपनीला आता वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, आणखी पसरायचंय. गेल्या आठवड्यात पुन्हा जनसुनावणी झाली, त्याच पटांगणावर. सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे या वेळी गाव तयारीनिशी आलं होतं. साहेब नवा, तरुण, गोड बोलणारा. त्याने माईक हातात घेतला आणि म्हणाला, "तर ग्रामस्थहो, या प्रकल्पाला कोणाची हरकत..." आणि आम्ही हात वर करून, माना ताठ करून, पोटातून ओरडलो, "नाही."

त्याचं वाक्य आम्हीच पुरं केलं. साहेब क्षणभर गोंधळला, मग त्याने हसून आभार मानले. कोणीतरी "तसं नाही, तसं नाही" करत पुढे धावलं, पण तेही 'नाही'च होतं. तोवर माईक बंद झाला होता. आता देवाला सांगायचं तर गाऱ्हाणं घालणारं कोणी उरलेलं नाही, आणि साहेबाला सांगायला आमच्याकडे तिसरा शब्द नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? आईलाही वाचून दाखवणार नाही. पोरांनी घाई केली असं ती धरून चालली आहे. पहिला आवाज माझा होता, अप्पा. आणि तो फार चांगला लागला होता.