कासवाला दिलेलं नाव

३ एप्रिल १९८७
आज नागपुरात आलो. सीताबर्डीच्या गल्लीत रुपरावांचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. आमच्या पुण्याच्या कंपनीचं मशीन तिथे वर्षभर चालतंय. चार राक्षस निवडायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं आणि समोरच्याच्या चौघांशी झुंजवायचं. बारा तारखेला स्पर्धा आहे, ती घ्यायला मी आलोय. खेळणारही आहे. जिंकलो तर साहेब पुण्याचं दुकान माझ्या हाती देणार. दारातच सिंधूताईंच्या गाडीवर तर्री पोहे खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण मजा आली. गाव बरं दिसतंय.

४ एप्रिल
माणसं बघितली. अकलेचे कांदे! जो येतो तो चारही राक्षस मारकुटेच घेतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अरे, एक मारणारा, एक शत्रूला झोपवणारा, एक जखमा बऱ्या करणारा आणि पुढे उभं राहून सगळा मार खाणारं दगडी कासव, एवढा तोल साधला की कोण हरवेल? पण कासवाला कोणी शिवतसुद्धा नाही.

५ एप्रिल
मी कासव घेतलं तसा टोकन देणारा शालिकराम धावत आला. हा सिंधूताईंचा भाऊ. म्हणाला, "काहून घेऊन राहिले साहेब? ज्याचं नाव त्याले द्यान, मार त्यालेच लागते." पुण्यात हे सांगितलं तर लोक तिकीट काढून ऐकायला येतील. मी हसत हसत कासवाला त्याचंच नाव दिलं. नऊ डाव, नऊ विजय. कासव मरायला टेकलं की बरं करायचं आणि पुन्हा पुढे ढकलायचं.

६ एप्रिल
शालिकराम आला नाही. पाठ काळीनिळी झालीय म्हणे. पिऊन पडला असेल, दुसरं काय.

८ एप्रिल
काल कासवाला गिरिधरचं नाव दिलं. रोज खेळायला येतो आणि फार फुशारक्या मारतो. आज तो हात गळ्यात बांधून आला. म्हणजे खरंच —
तरी कासवाशिवाय संघ लंगडा, आणि मला जिंकायचंय. स्वतःचं नाव देण्याइतका खुळा मी नाही. पुन्हा शालिकराम.

१० एप्रिल
शालिकराम गेला. वाईट वाटलं, थोडंसं. सिंधूताईंनी आज पोहे केले नाहीत. दारात उभ्या राहून दिवसभर माझा खेळ बघत होत्या. त्यांना काय कळणार त्यातलं!

१२ एप्रिल, दुपार
अंतिम सामना. समोर सिंधूताई. पोहेवाली! कोणी हसलं नाही.
एक मारणारा. एक झोपवणारा. एक बरं करणारा. माझाच संघ, जसाच्या तसा. कासवावर नाव — कृष्णकांत.
माझं.
एवढंच म्हणाल्या, "तुमचंच पाहून शिकली मी, साहेब."
मी मशीनवरचा हात काढला, उठलो. माझ्या खुर्चीत गिरिधर बसला, एका हातानं खेळायला. पहिला फटका पाठीत —

तीन वाजले
मागच्या खोलीत आहे. रुपरावांनी बाहेरून कडी घातली. बरगड्या — श्वास घेताना —
दाराच्या फटीतून दिसतंय. रांग लागलीय. अख्खी गल्ली. ज्याला त्याला कासवालाच मारायचंय. या मूर्खांना आत्ता बरी अक्कल —
कासव संपत आलं. संपू दे. देवा, एकदाचं संपू दे —
नाही. तिनं बरं करणारा पुढे केला. दुखणं थांबलं.
रांगेतला पुढचा बस—