चोवीस तासांत बॅग दुरुस्त

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी १०.२०

आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी माझी मुलाखत घेतलीच तर तारखा हाताशी हव्यात.

निर्णय झाला. दुकानाची वेबसाइट काढायची. बॅगदुरुस्तीचं आमचं दुकान, दोघा भावांचं. दादा आत मशीनवर असतो: चेन, हँडल, चाकं, अस्तर. बाहेरचं सगळं मॅनेजमेंट माझ्याकडे. म्हणजे बॅग घेणे, पावती फाडणे, आणि गिऱ्हाईक न्यायला आलं की 'उद्या नक्की' असं हसून सांगणे. हे शेवटचं काम वाटतं तितकं सोपं नाही. दादाला जमत नाही.

दुपारी ४

दादाला प्लॅन सांगितला. तोंडात दोरा धरूनच त्याने ऐकलं. मग म्हणाला, आहेत त्याच बॅगा फळीवर मावेनात, आणखी गिऱ्हाईक कशाला? दूरदृष्टी नाही. बरीच हुज्जत झाली आणि शेवटी पैज लागली. २८ तारखेपर्यंत वेबसाइट बघून दहा माणसं दुकानात आली, तर आतल्या कोपऱ्यात जिथे दुसरं मशीन धूळ खातंय तिथे माझं ऑफिस. नाही आली, तर त्या मशीनवर मी बसायचं आणि काम शिकायचं. वहिनी साक्षीदार. तिने लगेच त्या मशीनला तेल घालून ठेवलं. माणसावर थोडा तरी विश्वास हवा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नाव शोधण्यात दोन दिवस गेले. चांगली नावं लोकांनी आधीच अडवून ठेवलीत. काउंटरवर दोन बायका ताटकळून निघून गेल्या. मोठ्या कामात एवढं चालायचंच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वेबसाइटचा फुकट साचा मिळाला. मुळात केकच्या दुकानाचा. जिथे जिथे केक होता तिथे बॅग घातली. काम फत्ते.

ही (माझी बायको, पोस्टात नोकरीला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर शिक्का मारून मोकळी होते) म्हणाली की 'आमची प्रत्येक बॅग रोज पहाटे ताजी भाजली जाते' असं पहिल्याच पानावर आहे. 'भाजली'चं 'शिवली' केलं. पहाटे राहू दिलं. भारदस्त वाटतं. दादा साडेदहाला येतो, पण ते कोण बघायला जातंय?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

'संचालकांचे मनोगत' लिहून झालं. चार पानं. हिने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर तिला भाजी करपल्याचा वास आला. भाजी अजून चिरायचीच होती.

फोटो काढला. कोट मेव्हण्याचा. हात पुढे बांधून, नजर जरा दूर. दादाचा फोटो टाकला नाही, तो बनियनवर असतो. त्याचा उल्लेख 'आमची तांत्रिक टीम' असा केलाय. वाचून दादाने विचारलं, टीममध्ये अजून कोण आहे? त्याला सांगावं तर लागेल, पण सावकाश.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

उद्घाटन! घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. तीन अंगठे आले. त्यातला एक माझा. आत्याने विचारलं, दुकान बंद केलंस का रे? आत्याला पुन्हा सगळं फोनवर समजावलं. शेवटी ती म्हणाली, जाऊ दे, तब्येतीला जप.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वेबसाइटला १४२ भेटी! हिने विचारलं, त्यातल्या तुझ्या किती? असल्या क्षुद्र हिशेबात मी पडत नाही. (साधारण १३०.)

वेबसाइट बघून दुकानात आलेले: शून्य.

पावत्यांवर वेबसाइटच्या पत्त्याचा शिक्का मारतोय. लाल सुटकेसवाल्या बाई आल्या होत्या. त्यांच्या सुटकेसचं चाक सप्टेंबरपासून होलसेलवाल्याकडून 'येतंय'. सवयीने 'उद्या नक्की' म्हणालो आणि वर वेबसाइट बघायलाही सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बहुतेक प्रभावित झाल्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आठ दिवस उरले. शून्यच.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला मशीनची भीती वाटते. तेविसाव्या वर्षी एकदा चेन बसवली होती. गिऱ्हाइकाने बॅग उघडली ती पुन्हा मिटलीच नाही. दादा काही बोलला नाही, नुसती उसवून परत शिवली. बोलला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी काउंटरवर गेलो आणि गेली तेवीस वर्षं तिथे हसतोय. आता सेहेचाळिसाव्या वर्षी, वहिनीच्या देखत, पुन्हा तेच? छे. काहीतरी केलंच पाहिजे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. दुपारी २

सापडलं! वेबसाइटवर आमच्या कामाचे फोटोच नाहीत. लोक येतील कशाला?

अडचण एकच. झालेली बॅग गिऱ्हाईक लगेच घेऊन जातं. फोटोसाठी हाताशी असतात त्या फक्त न झालेल्या. पण नीट पाहिलं तर तुटकी बाजू भिंतीकडे करून, ओल्या फडक्याने पुसून ठेवली की न झालेली बॅग झालेलीसारखीच दिसते. किंबहुना जास्तच चांगली.

संध्याकाळी ६

फळीवरच्या तेवीसच्या तेवीस बॅगांचे फोटो काढले. लाल सुटकेस तर अशी आली की बघत राहावं. प्रत्येकीखाली लिहिलं: 'फक्त चोवीस तासांत दुरुस्त! समाधानी ग्राहक.' आसपासच्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर लिंक टाकली. दादाला दाखवलं नाही. एकदम सरप्राइज देऊ.

रविवार, २३ फेब्रुवारी

९१८ भेटी! देवाशपथ माझ्या त्यात चारच. लोक एकमेकांना लिंक पाठवतायत. एका अनोळखी बाईंनी खाली लिहिलंय, 'ही माझीच बॅग ना?' किती आपुलकी! मी उत्तर दिलं, 'आमच्या प्रत्येक ग्राहकाला असंच वाटतं.' ऑफिससाठी खुर्ची बघून आलो. फिरती.

सोमवार, २४ फेब्रुवारी. सकाळी १०.४०

दुकान उघडायच्या आधीच बाहेर रांग!! अकरा जण. प्रत्येकाला विचारलं, वेबसाइट बघून आलात? सगळे हो म्हणाले, जरा जोरातच. दहाव्याशी तर मी हात मिळवला. आत जाऊन दादाला सांगितलं, पैज जिंकली. त्याने पहिल्यांदाच तोंडातला दोरा काढला.

दुपारी १.३०

सगळ्यांनी खिशातून पावत्या काढल्या. आमच्याच. कुणाची नोव्हेंबरची, कुणाची जुलैची. बॅग झाली, वेबसाइटवर बघितली, द्या, असं सगळ्यांचं एकच म्हणणं.

रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक वेबसाइटच्या पानाचा प्रिंट घेऊनच आले होते. चोवीस तास म्हणजे कुठले चोवीस, तेवढं दाखवा, असं शांतपणे म्हणाले. लाल सुटकेसवाल्या बाईंनी सुटकेस उचलून भिंतीकडची बाजू सगळ्यांना फिरवून दाखवली. मग प्रत्येकाने आपापली बॅग फिरवली. मी सवयीने 'उद्या नक्की' म्हणालो. असा हशा झाला की शेजारचा चष्मेवाला बघायला आला.

त्या हशात दादा बाहेर आला. हात जोडले. चूक आमची आहे, शनिवारी सगळ्या बॅगा मिळतील, असं म्हणाला. आमची म्हणाला. माझी नाही. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

संध्याकाळी ७

एकूण एकोणीस आले. दादा म्हणाला, पैज म्हणजे पैज, तू जिंकलास, कोपरा तुझा. दिलदार माणूस! फक्त मशीन हलवायचं कुठे, ते त्याला सुचत नाही म्हणे. तोवर तिथेच राहू दे, आणि बसलाच आहेस तर पाय चालव, कारण पाच दिवसांत तेवीस बॅगा एका माणसाने व्हायच्या नाहीत. वहिनीने उशी आणून स्टुलावर ठेवली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ऑफिसातला पहिला दिवस. सुई बोटात गेली. दोनदा. मुख्याध्यापकांच्या बॅगेची चेन बसवली. उलटी बसली. उसवली. पुन्हा बसवली. वाकडी. दादाने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. काउंटरवर वहिनी आहे. येणाऱ्याला सरळ 'शनिवारी' सांगते आणि लोक ऐकतात. तिला हे कुणी शिकवलं?

शनिवार, १ मार्च

बावीस बॅगा गेल्या, एकीचं गिऱ्हाईक आलंच नाही. दादाने होलसेलवाल्याकडे स्वतः जाऊन चाक आणलं, लाल सुटकेस चाकांवर गडगडत गेली. अठरा दादाने केल्या, चार मी.

मुख्याध्यापकांनी चेन पाच वेळा उघडली आणि मिटली. शेवटच्या वेळी माझ्याकडे न बघता विचारलं, कुणी बसवली? दादा म्हणाला, तांत्रिक टीमने.

वेबसाइटवर आज जाऊन चोवीस तास काढले. 'सांगू तेव्हा' घातलं. दिवसभरात भेट एकच. माझी.