आई, चालू झालं

१२ नोव्हें.
गच्चीवर उन्हात बसून आजोबांचा मेल परत वाचला. आजोबा हे मीच ठेवलेलं नाव. वेबसर्व्हरचा प्रोग्राम मुळात त्यांनी लिहिला, आजवर सांभाळला, सगळ्यांना फुकट दिला; मी इथून हातभार लावतो. कुठल्यातरी थंड देशात असतात, चेहरा पाहिलेला नाही. लिहितात: डोळे थकले. ही आवृत्ती तू काढ. नीट निघाली तर चावी तुझी, नाहीतर कुलूप लावतो.
बारावी नापास माणसाला चावी. उत्तर लिहिलं, स्पेलिंग तपासलं, पाठवलं. हो.

१५ नोव्हें.
आईने विचारलं, सर्व्हर म्हणजे काय रे? म्हटलं, दाराशी बसलेला माणूस. कोणी हाक मारली की आतलं पान आणून हातात देतो.
"अन् कोणी नाही आलं तर?"
"बसून राहतो."
"तुझ्यासारखा," बाबा पेपरामागून.
संध्याकाळी मदन महलच्या टेकडीवर. एकावर एक टेकलेले दगड, सगळे कान देऊन बसल्यासारखे. कोणाची हाक, कोण जाणे.

१८ नोव्हें.
सर्व्हर नवा बसवला की "चालू आहे" असं सांगणारं पहिलं पान दिसतं. तेच उघडत नव्हतं. त्याच्या जागी माझं पान ठेवून पाहिलं. त्यात एकच ओळ: आई, चालू झालं. उघडलं!
आईने चष्मा लावून वाचलं. "अरे, मला काहून लिहिलं?" मग हसली. "हे अमेरिकेत पण दिसते का?"
"नाही गं, आपल्या घरातच."

२१ नोव्हें.
आवृत्ती काढली, आजोबांनी त्यांची चावी लावून जगासाठी सोडली. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. तरी परत परत पाहिल्या.
नंतर नदीवर, ग्वारीघाटला गेलो. धुक्यात नावा दिसत नव्हत्या, नुसता वल्ह्यांचा आवाज. आत्ता कुठे कुठे उघडत असेल, कोणत्या खोलीत, कोणासमोर…

२२ नोव्हें.
उघडलं. माझंच पान. मूळचं परत ठेवायचं राहून गेलं. चाचणी फक्त बघते, पान येतं का, त्यावर काय लिहिलंय ते नाही. आता जगात जो कोणी सर्व्हर बसवेल त्याला: आई, चालू झालं.
पहिली तक्रार: हॅक झालं का? ही कुठली लिपी?
निघालेली आवृत्ती मागे घ्यायची नाही, असा आमचा नियम. चूक काढायची तर नव्या क्रमांकाची आवृत्ती. दुरुस्ती लिहिली, आजोबांना सगळं कळवलं. जेवण नको म्हटलं.
बाबा: "नोकरी गेली का?"
"ती नोकरी नाहीच, बाबा."
"अच्छा. मग तोंड पाडून काहून बसून राहिला?"

२४ नोव्हें.
आजोबा गप्प. तक्रारीखाली लोक मात्र बोलून राहिले. एकाने अर्थ शोधून टाकला. एक लिहितो, मीही माझ्या आईला बोलावून दाखवलं. दुसरा चिडलेला: ऑफिसच्या मशीनवर असलं पोरकट काम? त्याचंही खरंच.
दुपारी डोळा लागला. लांब गल्ली, आमच्या दीक्षितपुऱ्यातल्यासारखी, पण संपतच नव्हती. प्रत्येक दारात कोणाचीतरी आई चष्मा शोधत होती. मी सांगत चाललो होतो, तुम्हाला नाही हो, तुम्हाला नाही. कोणी ऐकेना.

२६ नोव्हें.
मेल आला. चारच ओळी. "दुरुस्ती पाहिली. बरोबर आहे. पण मी लावणार नाही. चावी जोडली आहे, लावायची की नाही ते तू ठरव. शिव्या दोन्हीकडून पडतील, त्याही आता तुझ्या."
कुलपाचं काहीच लिहिलं नाही.
आईला सांगितलं. "मग काढून टाक की. लोकांच्या मशीनीत माझं काय काम?" मेथी निवडत होती. थोड्या वेळाने, "कसं म्हणत असतील रे ते लोक? आई?"
चावी चालते, लावून पाहिली. नवा क्रमांक टाकला. त्याखाली काय बदललं ते एका ओळीत लिहावं लागतं. ती रिकामी. दोनदा लिहून पुसली. आईला काढलं, असं काही लिहवेना, आणि न काढण्याचं कारण इंग्रजीत सुचेना.